थर्मल इंकजेट हेड चोक होऊ नये म्हणून रचनेत काय पाहावे

बेळगावच्या उद्यमबाग या औद्योगिक भागात पॅकिंग मशिन बनवणाऱ्या एका छोट्या कारखान्यातील तरुण अभियंत्याने विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. बेळगावच्या मिठाईवाल्यांच्या कुंद्याच्या बॉक्सांवर आणि निपाणी-संकेश्वर भागातील गुळाच्या पेट्यांवर तारीख, बॅच क्रमांक आणि किंमत छापण्यासाठी त्यांनी थर्मल इंकजेट हेडचे एक युनिट तयार केले आहे. मजकूर मराठी आणि कन्नड अशा दोन ओळींत असतो. जेवणाच्या सुट्टीनंतर पहिले काही बॉक्स अर्धवट छापले जातात आणि रविवारची सुट्टी झाली की सोमवारी कधी कधी हेड उठतच नाही. त्यांचे विचारणे असे की, मोठ्या नोझलचे, म्हणजे शाई बाहेर पडण्याच्या मोठ्या भोकांचे, हेड घ्यावे का, स्वतःचेच हेड रचून घ्यावे का आणि तसे करायचे झाल्यास चोक न होणाऱ्या रचनेत नेमके काय असावे.

पहिल्या भागाचे उत्तर नकारार्थी आहे. नोझल मोठे केल्याने हा त्रास जात नाही, उलट दुसरे दोन त्रास सुरू होतात. या वर्गातल्या हेडचे नोझल साधारण २५ मायक्रॉन व्यासाचे धरू. त्याच्या तोंडाशी शाईचा जो वक्र पृष्ठभाग, म्हणजे मेनिस्कस, तयार होतो, तो पृष्ठताणाच्या जोरावर शाईला आत धरून ठेवतो आणि हवेला आत शिरू देत नाही. पाण्याच्या शाईचा पृष्ठताण मीटरला ४० मिलिन्यूटन धरला तर हा धरून ठेवण्याचा दाब सुमारे ६.४ किलोपास्कल, म्हणजे पाण्याच्या ६५ सेंटिमीटर उंचीइतका येतो. व्यास दुप्पट केला की हा दाब निम्मा होतो. मग कन्व्हेयरच्या एखाद्या धक्क्यानेही शाई तोंडावर पसरते किंवा हवा आत ओढली जाते. थेंबाचे आकारमान वाढल्याने अक्षरे जाड आणि फाटकी दिसतात, हा तोटा वेगळाच. मुळात बहुतेक वेळा लहान भोकात मोठा कण अडकल्यामुळे चोक होत नाही. शाई स्वतःच तोंडाशी घट्ट होते आणि तिचेच बूच बनते. भोक मोठे केले तर बूचही मोठे होते.

हे बूच थर्मल हेडला का हलवता येत नाही, ते समजण्यासाठी थेंब कसा उडतो ते पाहावे लागेल. चेंबरच्या, म्हणजे नोझलमागच्या शाईच्या कप्प्याच्या, तळाशी असलेल्या पातळ रेझिस्टरला एक ते तीन मायक्रोसेकंदांचा विजेचा पल्स मिळतो, त्याला लागून असलेल्या शाईचा अगदी पातळ थर ३०० अंश सेल्सिअसच्या आसपास पोहोचतो आणि तिथे वाफेचा बुडबुडा स्फोटासारखा फुटून वाढतो. हा बुडबुडा दहा-वीस मायक्रोसेकंदांत वाढून कोसळतोही, आणि त्या अवधीत नोझलमधून थेंब सेकंदाला दहा-पंधरा मीटर वेगाने बाहेर पडतो. दाब सुरुवातीला प्रचंड असतो, पण तो क्षणभरच टिकतो. पुढची वाट घट्ट झालेली असेल तर बुडबुडा सोपी वाट धरतो आणि शाईला पुरवठ्याच्या मार्गाने मागे ढकलतो. म्हणूनच बंद पडलेल्या हेडवर फायरिंगचा, म्हणजे थेंब उडवणाऱ्या पल्सचा, मारा करून ते सुटत नाही. त्यात रेझिस्टर तेवढा कोरडा तापतो आणि जळतो.

आता मुख्य मुद्द्याकडे येतो. चोक या एका शब्दाखाली किमान पाच वेगवेगळे बिघाड मोडतात, आणि त्यांपैकी कोणता बिघाड आहे ते कळल्याशिवाय हेडची, कॅपची (हेड रिकामे असताना नोझलवर बसणाऱ्या झाकणाची) किंवा शाईची कोणतीही रचना बदलू नये. कळण्याचा खात्रीचा मार्ग म्हणजे कोणती नोझल बंद पडली त्याचा नकाशा काढणे. तारखेचा ठसा बघून काहीच कळत नाही. प्रत्येक नोझल एकटे, पायरीपायरीने एक छोटी रेघ ओढेल असा टेस्ट पॅटर्न सॉफ्टवेअरमध्ये ठेवावा, सुट्टीनंतर सर्वांत आधी तोच छापावा आणि तो कागद तारीख, वेळ व हवामान लिहून जपून ठेवावा. असे कागद साठले की बिघाड स्वतःच बोलू लागतो.

आपल्या मजकुराच्या बाबतीत हा नकाशा विशेष उपयोगी आहे, कारण देवनागरी लिपी सर्व नोझलना सारखे काम देत नाही. बॉक्स हेडसमोरून आडवा सरकतो आणि नोझलची रांग उभी असते. त्यामुळे शिरोरेघ ज्या नोझलच्या वाट्याला येते ती प्रत्येक शब्दात अखंड फायर होत राहतात. ६०० डीपीआयच्या, म्हणजे इंचाला ६०० ठिपके छापणाऱ्या, हेडमध्ये दोन शेजारच्या नोझलमधील अंतर सुमारे ४२ मायक्रॉन असते, म्हणून पाव-एक मिलिमीटर जाडीची शिरोरेघ सहा-सात नोझल मिळून ओढतात. याउलट वेलांटी, मात्रा आणि रफार यांच्या टोकांची वरची नोझल, तसेच उकारांची खालची नोझल, बराच वेळ रिकामी बसतात. कन्नड ओळीत माथ्यावरची रेघ तुटक असल्याने काम थोडे वाटले जाते, पण अक्षराखाली येणाऱ्या जोडाक्षरांची नोझल तशीच रिकामी राहतात. तारीख आणि किंमत या आकड्यांच्या ओळीत तर मात्रांच्या पट्ट्यातील नोझल कधीच फायर होत नाहीत.

यातून निदान असे निघते. सर्वांत कमी काम करणारी नोझल, म्हणजे वेलांट्या आणि उकार, आधी बंद पडत असतील तर शाई तोंडाशी सुकते आहे. सर्वांत जास्त काम करणारी नोझल, म्हणजे शिरोरेघ, फिकी पडत असेल तर सुकण्याचा प्रश्नच नाही. तिथे रेझिस्टरवर करपट थर बसतो आहे किंवा चेंबर पुन्हा भरायला वेळ मिळत नाही. या दोहोंतला फरक कन्व्हेयरचा वेग कमी करून कळतो, कारण वेग कमी केल्यावर रेघ भरून आली तर पुरवठा कमी पडत होता आणि तशीच राहिली तर करपट थर आहे. शेजारशेजारची आठ-दहा नोझल एकदम जाऊन थोड्या वेळाने आपोआप परत आली तर आत हवेचा बुडबुडा फिरतो आहे. विखुरलेली एक-दोन नोझल कायमची गेली आणि पुसूनही परत आली नाहीत तर कण अडकला आहे. आणि ठरावीक अंतराने, म्हणजे दर अमुक नोझलनंतर एक याप्रमाणे बंद नोझल दिसली तर हेड चोक झालेलेच नाही. तिथे हेड आणि धारक यांच्यातील तांब्याचे संपर्कबिंदू मळले आहेत किंवा नोझलना पल्स पोहोचवणारी एखादी ड्रायव्हर लाइन गेली आहे. या शेवटच्या प्रकारात चांगली हेडे चोक म्हणून कचऱ्यात जाताना मी पुष्कळदा पाहिली आहेत, आणि त्याचे वाईट वाटते, कारण संपर्कबिंदू पुसायला दोन मिनिटे पुरतात.

दोन रांगांच्या हेडसाठी आणखी एक साधी तपासणी आहे. धागे न सुटणारे स्वच्छ कापड डिस्टिल्ड पाण्याने किंचित ओले करून, दुमडून, नोझल प्लेटवर न घासता दोन-तीन सेकंद नुसते टेकवावे आणि उचलावे. हेड ठीक असेल तर कापडावर शाईच्या दोन समांतर, अखंड रेघा उमटतात. एक रेघ मधूनच तुटली असेल तर तुटलेली जागा टेस्ट पॅटर्नमधल्या रिकाम्या जागेशी ताडून पाहावी. कापडावर शाई आली पण छपाईत आली नाही, तर वाट मोकळी आहे आणि दोष विजेचा आहे. कापडावरही आली नाही, तर वाटच बंद आहे. शंभर पटींचा साधा यूएसबी मायक्रोस्कोप असेल तर त्याच वेळी प्लेटकडे पाहावे. सुकलेल्या नोझलच्या काठाभोवती चकचकीत, गडद कडे दिसते आणि भोकाचा मधला भाग मंद, जणू साय धरल्यासारखा दिसतो. कण असेल तर भोकाच्या एका बाजूला वेड्यावाकड्या काठाची सावली दिसते. हा फरक एकदा नजरेत बसला की पुढे चुकत नाही.

आपले वर्णन ऐकता, जेवणाच्या सुट्टीनंतरचे अर्धवट बॉक्स हा सुकण्याचाच प्रकार असावा, म्हणून त्यावर जास्त लिहितो. नोझलच्या तोंडाशी पाणी किंवा सॉल्व्हंट (शाईतले उडून जाणारे द्रव) उडून जाते आणि मागून ताजे द्रव विसरणाने, म्हणजे रेणूंच्या आपोआप पसरण्याने, तिथे येते. पाण्यात विसरण गुणांक साधारण सेकंदाला १०⁻⁹ चौरस मीटर असतो. लांबीच्या वर्गाला या गुणांकाने भागले की तो बदल किती वेळात आत पोहोचेल त्याचा अंदाज मिळतो. नोझलची नळी ३० मायक्रॉन खोल असेल तर हा वेळ जवळपास एक सेकंद येतो, आणि १०० मायक्रॉन आतपर्यंत पोहोचायला दहा सेकंद. म्हणजे उघड्या नोझलमधली शाई बदलायला अर्धा तास लागत नाही, ती सेकंदांत बदलू लागते. पाण्याच्या शाईत ग्लिसरॉल, ग्लायकॉल यांसारखी ओलावा धरणारी द्रव्ये घातलेली असतात म्हणून ती बराच काळ तग धरते. लॅमिनेटेड बॉक्ससाठी लागणाऱ्या अल्कोहोल किंवा कीटोनच्या शाईत हा आधार फार थोडा असतो, आणि तिचा उघडे राहण्याचा अवधी त्या मानाने पुष्कळच कमी असतो. आपण जर चकचकीत बॉक्ससाठी अशी शाई वापरत असाल तर त्यात हेडचा दोष काढता येणार नाही. त्या शाईची ती प्रकृतीच आहे आणि यंत्र त्या प्रकृतीला धरून रचावे लागते.

म्हणूनच माझे स्पष्ट मत असे आहे की, चोक न होणारे हेड फायरिंगच्या वेळेसाठी नव्हे, रिकाम्या बसण्याच्या वेळेसाठी रचले जाते. चालू असलेले नोझल सहसा चोक होत नाही, कारण दर थेंबागणिक त्यात ताजी शाई येते. प्रश्न असतो तो दोन थेंबांच्या मधल्या काळाचा.

हेडच्या सिलिकॉन चिपच्या पातळीवर या काळासाठी करता येण्याजोगी सर्वांत परिणामकारक गोष्ट म्हणजे शाई नोझलच्या मागून सतत फिरती ठेवणे. अलीकडच्या काही हेडांत चेंबरला आत येणारी आणि बाहेर जाणारी अशा दोन वाटा असतात, आणि इंग्रजी यू अक्षरासारख्या त्या सूक्ष्म वाटेत एका टोकाच्या जवळ दुसरा छोटा रेझिस्टर बसवलेला असतो. तो थेंब उडवत नाही. त्याचा बुडबुडा वाटेच्या मध्यावर नसून एका बाजूला असल्याने, वाढताना आणि कोसळताना दोन्ही बाजूंच्या शाईचे जडत्व सारखे नसते आणि त्यामुळे दर पल्सला थोडी शाई एकाच दिशेने सरकते. झडप नाही, हलणारा भाग नाही, तरी पंप तयार होतो. यात सुकण्याचा वेग कमी होत नाही, पण सुकू लागलेली शाई नोझलमागे साचून राहत नाही, शिवाय पिगमेंट, म्हणजे शाईतले न विरघळणारे रंगकण, खाली बसत नाही. याची किंमत म्हणजे सिलिकॉनवरची जागा, जादा विजेच्या तारा आणि बाष्पीभवनाने हळूहळू सबंध शाईच दाट होत जाणे. पूर्ण पानाच्या रुंदीच्या आणि अनेक रंगांच्या यंत्रांत ही किंमत परवडते. बॉक्सवर तारीख छापणाऱ्या, टाकून द्यायच्या कार्ट्रिजमध्ये ती परवडेल असे मला वाटत नाही.

कणांविरुद्धची रचना जुनी आणि चांगली सिद्ध झालेली आहे. कार्ट्रिजच्या नळीच्या तोंडाशी स्टेनलेस स्टीलची बारीक जाळी असते आणि त्यानंतर, चिपवरच, प्रत्येक चेंबरच्या वाटेत सूक्ष्म खांब उभे केलेले असतात. दोन खांबांमधील फट नोझलच्या व्यासापेक्षा नक्की लहान हवी, म्हणजे जो कण खांबांतून निसटतो तो नोझलमधूनही निसटेल. पण फट लहान केली की प्रवाहाचा अडथळा झपाट्याने वाढतो, कारण अरुंद फटीत तो रुंदीच्या घनाच्या व्यस्त प्रमाणात जातो. म्हणून फटी लहान पण संख्येने जास्त ठेवतात आणि चेंबरला एकाऐवजी दोन वाटा देतात, जेणेकरून एका वाटेत कण बसला तरी दुसरीने चेंबर भरत राहील. हे कण बाहेरूनच येतात असे समजू नये. प्लास्टिकच्या साच्यातील बर (कडेला राहिलेले बारीक कंगोरे), चिप कापताना उडालेली सिलिकॉनची भुकटी, चिकटद्रव्याचे सुटे तुकडे, स्पंजचे तंतू असे पुष्कळ कण कार्ट्रिजच्या आतच जन्मलेले असतात. आपण जर मोठ्या बाटलीतून नळीने शाई पुरवण्याचा विचार करत असाल तर प्रत्येक जोडणी ही कणांची नवी खाण आहे हे ध्यानात ठेवा. नळ्या कापताना ब्लेड नवे हवे, आणि हेडच्या अगदी आधी शेवटचा फिल्टर हवाच.

हवेविषयी थोडक्यात सांगतो. शाई तापली की तिच्यात विरघळलेली हवा बाहेर पडते आणि थर्मल हेड तर तापवण्यावरच चालते. त्यामुळे बुडबुडे होणारच. त्यांना चेंबरकडे न जाता वर चढून साठायला जागा मिळेल अशी उभी पोकळी फिल्टरच्या बाजूला ठेवणे, पुरवठ्याच्या वाटेत आडवे कंगोरे न ठेवणे आणि शाईवर पाण्याच्या काही सेंटिमीटरइतका उणा दाब कायम राखणे, एवढे साधले की पुरे. हेड आडवे, म्हणजे बाजूला फवारणारे बसवले असेल तर कार्ट्रिज उत्पादकाने सांगितलेली बाजूच वर ठेवावी. धारक रचताना सोयीसाठी ती फिरवण्याचा मोह होतो, तो आवरावा.

रेझिस्टरवरचा करपट थर हा थर्मल हेडचा खास आजार आहे, शाई न तापवता थेंब ढकलणाऱ्या पायझो हेडला तो होत नाही. रंगद्रव्य किंवा त्यातील अशुद्धी इतक्या तापमानाला विघटित होऊन रेझिस्टरवरील टँटलमच्या संरक्षक थरावर बसते, उष्णता शाईला नीट मिळत नाही, बुडबुडा अशक्त होतो आणि थेंब मंदावतो. मंद थेंब वाकडा जातो आणि पाहणाऱ्याला हेड चोक झाल्यासारखे वाटते. शाई बनवणारे फॉस्फेटसारखे घटक घालून हा थर कमी करतात. यंत्र बनवणाऱ्याच्या हातात ऊर्जा असते. पल्सची रुंदी हळूहळू कमी करत थेंब उडणे कोणत्या बिंदूला थांबते ते शोधावे आणि त्या ऊर्जेपेक्षा पंधरा-वीस टक्केच अधिक ऊर्जा द्यावी. छपाई गडद यावी म्हणून व्होल्टेज चढवण्याची सवय सर्रास दिसते. तिने रंग गडद होत नाही आणि हेडचे आयुष्य मात्र घटते.

नोझल प्लेटच्या बाहेरच्या पृष्ठभागाकडे दुर्लक्ष होते, पण आपल्याकडच्या कारखान्यांत निम्मा त्रास तिथूनच येतो. प्लेटचा बाहेरचा भाग शाई झटकणारा आणि नळीचा आतला भाग शाई धरणारा हवा. बाहेरचा भाग ओला राहिला तर त्यावर शाईची डबकी साचतात, थेंब वाकतात आणि त्या डबक्यांत धूळ कालवली जाते. गुळाच्या पेट्यांजवळ साखरेची चिकट भुकटी असते, तंबाखूच्या वखारीत बारीक पूड असते, फाउंड्रीच्या शेजारच्या शेडमध्ये वाळूची धूळ असते. ही धूळ आतल्या खांबांना भेटतच नाही, ती पुढच्या दाराने येते. हेडच्या पुढे पातळ फट असलेली स्टीलची पट्टी आणि तिच्यामागून फिल्टर केलेल्या हवेचा अगदी मंद, बाहेरच्या दिशेचा प्रवाह ठेवावा. हवेचा झोत थेट नोझलवर मात्र येऊ देऊ नये, कारण त्याने शाई अधिकच सुकते. प्लेट पुसण्यासाठी मशिन शॉपमधले कॉटन वेस्ट कधीही वापरू नये. त्याचा एक तंतूही शाईला बाहेर ओढत राहतो आणि शेजारची दहा नोझल बिघडवतो.

आता कॅप. माझ्या मते आपल्या यंत्रात सर्वाधिक मेहनत इथे घ्यावी, कारण तीच आपल्या हातात आहे आणि बेळगावच्या कारागिरांना रबराचे साचे, सिलिंडर आणि अचूक मशिनिंग यांत कोणाकडून शिकण्याची गरज नाही. कॅप म्हणजे नुसते झाकण नव्हे. ती पूर्ण हवाबंद केली तर बंद होताना आतली हवा दाबली जाते आणि मेनिस्कस मागे ढकलला जातो. पुढे तापमान बदलले की हाच प्रकार पुन्हा होतो. पत्र्याच्या शेडमध्ये एप्रिलमध्ये पहाटे आणि दुपारी पंधरा अंशांचा फरक सहज पडतो. बंद हवेचे तापमान पंधरा अंशांनी वाढले तर तिचा दाब सुमारे पाच किलोपास्कलने वाढतो, आणि वर आपण पाहिले की मेनिस्कस जेमतेम साडेसहा किलोपास्कल पेलतो. सॉल्व्हंटच्या शाईचा पृष्ठताण याहून कमी असल्याने तिथे मेनिस्कस हार मानतो. सोमवारी हेड न उठण्याचे हे एक खरे कारण असू शकते. म्हणून कॅपच्या आतील पोकळी लहान ठेवावी आणि तिला बाहेरच्या हवेशी जोडणारी एक अतिशय अरुंद, लांब, नागमोडी खाच ठेवावी. अशा खाचेतून दाब सेकंदांत समान होतो, पण वाफ बाहेर जायला दिवस लागतात, कारण विसरण खाचेच्या छेदाच्या सम आणि लांबीच्या व्यस्त प्रमाणात असते.

रबराची निवड शाईवर ठरते. कीटोनच्या शाईला नायट्रिल फुगते आणि महागडे फ्लुओरो रबरही टिकत नाही, तिथे ईपीडीएम घ्यावे. सिलिकॉन रबर मऊ आणि देखणे असते, पण त्यातून वाफ सहज आरपार जाते, म्हणून ते कॅपच्या ओठासाठी घेऊ नये.

सर्वांत महत्त्वाचे म्हणजे कॅप स्प्रिंगने बंद होणारी असावी आणि विजेने किंवा हवेच्या सिलिंडरने उघडी धरलेली असावी. आपल्याकडे वीज न सांगता जाते. यंत्र थांबल्यावर ऑपरेटरने क्लिप लावावी अशी रचना असेल, तर वीज गेल्यावर तो जनरेटरकडे पळतो, क्लिप विसरतो आणि हेड तासभर उघडे राहते. स्प्रिंगची कॅप वीज जाताच स्वतः मिटते. बॉक्स ठरावीक सेकंद आला नाही तर पीएलसीने (यंत्राच्या नियंत्रकाने) कॅप उघडी धरणारा सोलेनॉइड सोडून द्यायचा, एवढे त्याच आज्ञावलीत घातले की जेवणाची सुट्टीही सांभाळली जाते.

कॅप उघडली असतानाचा काळ सांभाळण्यासाठी प्रत्येक नोझलने अधूनमधून काही थेंब वाया घालवणे आवश्यक असते. यात शाई फार जाते ही भीती अनाठायी आहे. ३०० नोझल, प्रत्येकी २० थेंब आणि थेंब ३० पिकोलिटरचा धरला तर एका वेळी ०.१८ मायक्रोलिटर शाई जाते. दर दहा सेकंदांनी आठ तास हे केले तरी दिवसाला सुमारे अर्धा मिलिलिटर होते, आणि या प्रकारच्या प्रचलित कार्ट्रिजमध्ये ४२ मिलिलिटर शाई असते. हे थेंब दोन बॉक्सांमधल्या मोकळ्या जागेत, समोरच्या बाजूला ठेवलेल्या शोषक पट्टीवर उडवावेत. बॉक्स एकमेकांना चिकटून येत असतील तर आत दुमडल्या जाणाऱ्या झाकणपट्टीवर उडवावेत. सर्व नोझलना सारखे थेंब देण्याऐवजी गेल्या काही सेकंदांत जी फायर झाली नाहीत त्यांनाच द्यावेत. शिरोरेघेला याची गरज नाही, वेलांटीला आहे.

वेगाचेही गणित करून ठेवावे. मिनिटाला ३० मीटर वेगाने ६०० डीपीआय छापायचे तर प्रत्येक नोझल सेकंदाला जवळपास १२ हजार वेळा फायर करावे लागते, आणि जुन्या पिढीच्या हेडला ही जवळपास कमाल मर्यादा आहे. तिथे शिरोरेघ फिकी पडू लागली तर चोक म्हणून शोधत बसू नये, चालण्याच्या दिशेतील डीपीआय निम्मे करावे.

हवामानाचा फरक आपल्या भागात मोठा आहे. जांबोटी-खानापूरकडे पावसाळ्यात हवा ओलीचिंब असते, तेव्हा पाण्याची शाई सुकण्याची तक्रार जवळपास थांबते, पण सॉल्व्हंटची शाई वेगळाच त्रास देते. सॉल्व्हंट झपाट्याने उडताना पृष्ठभाग गार होतो, त्यावर हवेतले पाणी जमते आणि त्या पाण्यात न विरघळणारे रेझिन तोंडाशी साकळते. अथणीकडे उन्हाळ्यात नेमके उलटे होते. एकच सेटिंग दोन्ही ठिकाणी चालणार नाही, म्हणून थेंब वाया घालवण्याचे अंतर आणि कॅप मिटण्याची वेळ या दोन गोष्टी ऑपरेटरला पडद्यावरून बदलता याव्यात. पाण्याच्या शाईचे हेड पुसायला बोअरचे पाणी वापरू नये. त्यातील कॅल्शियम आणि मॅग्नेशियम रंगद्रव्याशी मिळून न विरघळणारा साका तयार करतात. सॉल्व्हंटच्या हेडला तर पाणी लावूच नये.

राहिला प्रश्न स्वतःचे हेड रचण्याचा. त्याला सिलिकॉनवर पातळ थर चढवण्याची आणि कोरण्याची फॅब्रिकेशन सुविधा, स्वच्छ खोली आणि फार मोठी संख्या लागते, आणि त्याशिवाय ते आर्थिकदृष्ट्या उभे राहत नाही. इतिहासही हेच सांगतो. कॅनन आणि एचपी या दोन कंपन्यांनी १९७०च्या दशकाच्या उत्तरार्धात स्वतंत्रपणे हे तंत्र शोधले. १९८४ साली एचपीचा थिंकजेट आला तेव्हा त्याचे हेड अवघ्या १२ नोझलचे आणि शाईसकट टाकून देण्याचे होते. चोक होणे पूर्ण टाळता येत नाही हे मान्य करून, हेड स्वस्त आणि बदलता येण्याजोगे करणे हाच त्यांचा रचनात्मक निर्णय होता. आपणही तयार हेड घ्या आणि आपली बुद्धी कॅप, पुरवठा, ड्रायव्हर आणि आज्ञावलीत घाला.

काम सुरू करण्यापूर्वी एक मोजमाप मात्र करून घ्या. कॅप उघडी ठेवून, हेड १० सेकंद, ३० सेकंद, १ मिनिट, ५ मिनिटे आणि २० मिनिटे रिकामे ठेवावे आणि प्रत्येक वेळी टेस्ट पॅटर्न छापून कितवा थेंब नीट पडला ते प्रत्येक नोझलसाठी नोंदवावे. ज्या अवधीपर्यंत पहिलाच थेंब नीट पडतो तो अवधी ड्रॉइंगवर शाईच्या नावासह लिहावा, आणि थेंब वाया घालवण्याचे अंतर त्याच्या निम्म्याहून जास्त ठेवू नये. हे मोजमाप एप्रिलमध्ये एकदा आणि जुलैमध्ये पुन्हा करावे. शाईचा पुरवठादार बदलला की जुना आकडा खोडून पहिल्यापासून मोजावे, मग नवी शाई जुन्यासारखीच आहे असे त्याने कितीही सांगितले तरी.